जोकोविचचा व्हिसा : नक्की घोळ कोणाचा?

यारातीर | ६ जानेवारी २०२२

मंडळी, इकडे मेलबर्नला सकाळपासून दुसरा विषय नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. टेनिसच्या नेहमीच्या धाग्यावर टाकलं असतं पण तिथे दोन प्रतिसादांत फेडरर मोठा की नदाल सुरू होतं.

ज्यांनी बातम्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियन ओपन खेळायला येणाऱ्यांना लस किंवा वैद्यकीय सूट लागते. जोकोविचने ४ तारखेला इन्स्टावर सामानासकट फोटो टाकला की मला सूट मिळालीये, निघालो ऑस्ट्रेलियाला. लस घेतली की नाही ते त्याने कधी सांगितलंच नव्हतं, त्या एका पोस्टने सगळ्यांना कळलं. काल रात्री साडेअकराच्या सुमारास टुलामरीनला, म्हणजे मेलबर्नच्या विमानतळावर उतरला, बॉर्डर फोर्सने रात्रभर बसवून प्रश्न विचारले आणि आज सकाळी व्हिसा रद्द. आता कार्लटनच्या पार्क हॉटेलात ठेवलाय, वकील कोर्टात गेलेत, सोमवारी सुनावणी.

इथले लोक का पेटलेत ते जरा समजून घ्या. सगळे लॉकडाऊन मिळून या शहराने २६२ दिवस घरात काढलेत. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, रात्री कर्फ्यू, मयताला दहा माणसं. सोळा वर्षांवरच्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांचे दोन डोस झालेत, कॅफेच्या दारातला पोरगा मोबाइलवरचं हिरवं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय आत सोडत नाही. आणि आता ओमायक्रॉन आलाय तर रॅपिड टेस्टची किट कुठेच मिळत नाहीयेत, आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीवाल्याने वैतागून दारावर मोठ्ठ्या अक्षरात कागद चिकटवलाय की किट नाहीत, आत येऊन विचारू नका. अशात नऊ वेळा इथे जिंकलेला माणूस म्हणतो मला सूट आहे, तर लोकांचं डोकं फिरणारच ना.

सूट दिली ती स्पर्धेचे आयोजक टेनिस ऑस्ट्रेलियाच्या आणि व्हिक्टोरिया राज्य सरकारच्या डॉक्टरांच्या पॅनलनी. २६ जणांनी अर्ज केले होते, मोजक्यांना मिळाली. पंतप्रधान मॉरिसन आधी म्हणाले तो राज्याचा प्रश्न, लोक खवळलेले दिसले तसे म्हणाले नियम म्हणजे नियम, सीमा आमच्या. मे महिन्यापर्यंत निवडणुका आहेत एवढंच सांगतो.

माझं मत: लस न घेता यायचं असेल तर त्याने यायलाच नको होतं. पण हे ज्या पद्धतीने चाललंय तेही पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

चिमटा | ६ जानेवारी

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणि एक चहा.

दुसरी_सर्व्हिस | ६ जानेवारी

मी जोकोचा फॅन आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी शोध लावायला नको. मला एवढंच सांगा, व्हिसा दिला कोणी? ऑस्ट्रेलियाने. सूट दिली कोणी? त्यांच्याच दोन पॅनलनी. विमानात बसू दिला, सतरा हजार किलोमीटर आणला आणि दारात उभा केल्यावर म्हणता कागद चालत नाही?? नियम बदलायचा होता तर दुबईत विमान बदलताना सांगायचं होतं. हा सरळ सरळ पाहुण्याला बोलावून अपमान आहे.

लोकलवाली | ६ जानेवारी

@दुसरी_सर्व्हिस, पाहुणा वगैरे ठीक आहे पण आमचं काय? १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय मुंबईत लोकलचा पास नव्हता. मी डोंबिवलीला स्टेशनबाहेर टेबलासमोर रांगेत उभी राहून आधार आणि सर्टिफिकेटच्या प्रिंटवर शिक्का मारून घेतलाय, तो कागद खिडकीवर दाखवला तेव्हा पास हातात आला. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला दुसऱ्या लाटेत कोविड झाला, डॉक्टरांनी सांगितलं तीन महिने लस नाही, म्हणून तिचे डोस लांबले आणि ती बिचारी कल्याण शीळ रोडच्या ट्रॅफिकमधून बसने दोन दोन तास यायची. तिला कोणत्या पॅनलने सूट दिली? तिच्याकडे तर खरंखुरं कारण होतं.

खारी_बिस्कीट | ६ जानेवारी

लोकलवाली १०० मोदक.

कुडाळचो | ६ जानेवारी

माका एक कळना नाय, येवढे पैशे आसत तर एक सुई टोचून घेवक काय जाता रे तेचा?

दुसरी_सर्व्हिस | ६ जानेवारी

पैशाचा प्रश्न नाहीये हो. शरीर त्याचं आहे. तो ग्लूटेन खात नाही, काय पोटात जातंय यावर त्याचं सगळं करिअर उभं आहे. २०२० च्या एप्रिलमध्येच तो म्हणाला होता की व्यक्तिशः माझा लसीकरणाला विरोध आहे, म्हणजे तेव्हा लस आलीही नव्हती, त्यामुळे लपवाछपवी केली असं म्हणता येणार नाही. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

चिमटा | ६ जानेवारी

त्याच २०२० च्या जूनमध्ये साहेबांनी एड्रिया टूर नावाची टेनिस स्पर्धा भरवली होती ते पण सांगा की. मास्क नाही, अंतर नाही, रात्री क्लबमध्ये उघड्या अंगाने नाच. दिमित्रोव्ह, चोरिच, ट्रॉइकी आणि स्वतः जोको, सगळे पॉझिटिव्ह. शरीर त्याचं असेल पण विषाणू फार मनमिळाऊ आहे.

गोळी_औषध | ७ जानेवारी

पेशाने डॉक्टर आहे म्हणून एक गाठ सोडवायचा प्रयत्न करते. कोविड होऊन गेल्यावर लस पुढे ढकला हा सल्ला बऱ्याच देशांत आहे. आपल्याकडे तीन महिने, ऑस्ट्रेलियात त्यांच्या तज्ज्ञ गटाच्या सूचनांमध्ये सहा महिन्यांपर्यंत. पण त्याचा अर्थ "आत्ता नाही घेतली तरी चालेल" एवढाच, "घेतल्यासारखंच आहे" असा होत नाही. टेनिस ऑस्ट्रेलियाने पहिला अर्थ धरून सूट दिली, आणि सीमेवर केंद्र सरकार दुसऱ्या अर्थाने कागद मागतंय. नोव्हेंबरमध्येच त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी, ग्रेग हंट, टेनिस ऑस्ट्रेलियाला पत्र लिहून कळवलं होतं की नुसता कोविड होऊन गेला म्हणून क्वारंटाइनशिवाय प्रवेश मिळणार नाही. ते पत्र मिळूनही खेळाडूंना या म्हणून सांगितलं असेल तर माझ्या मते सगळ्यात मोठा दोष आयोजकांचा. अर्थात त्याला खरंच कधी कोविड झाला होता ते अजून बाहेर आलेलं नाही.

बाकी लस घेतलेल्यांनाही ओमायक्रॉन होतोय, माझ्या दवाखान्यात रोज बघतेय. तरी ऑक्सिजन लागणारे कोण आहेत तेही बघतेय. असो.

यारातीर | ८ जानेवारी

आलं बाहेर. वकिलांनी कोर्टात कागद दाखल केले त्यात १६ डिसेंबरची पॉझिटिव्ह टेस्ट आहे.

आणि लगेच लोकांनी फोटो शोधले. १७ तारखेला बेलग्रेडमध्ये मुलांच्या बक्षीस समारंभात, विनामास्क, पोरांच्या घोळक्यात उभा.

दुसरं म्हणजे पार्क हॉटेल. इथे राहणाऱ्या मंडळींना माहीत असेल, स्वान्स्टन स्ट्रीटवरचं हे तेच हॉटेल, तेव्हा नाव वेगळं होतं, जिथल्या क्वारंटाइनमधून २०२० मध्ये विषाणू बाहेर पडला आणि दुसऱ्या लाटेतल्या बहुतेक केसेस तिथूनच पसरल्या असं चौकशीत निघालं. आता तिथे निर्वासितांना ठेवतात. तीसच्या आसपास लोक आहेत, काही जण वेगवेगळ्या ठिकाणी मिळून आठ नऊ वर्षं डांबलेले. इराणमधून पंधराव्या वर्षी आलेला एक मुलगा काल त्याच हॉटेलात चोवीस वर्षांचा झाला. सामान आणायला काल ट्रामने त्या बाजूला गेलो होतो, खाली सर्बियाचे झेंडे, ढोल, गाणी, "नोले नोले" (जोकोचं लाडकं नाव), शेजारी लसविरोधकांचे बोर्ड, आणि वरच्या खिडकीत, जी उघडतच नाही, काचेला कागद धरून उभी असलेली माणसं. खालच्यांपैकी थोडेजण वर बघत होते, बाकीच्यांचं लक्ष जोको कुठल्या खिडकीत दिसतो याच्याकडे.

सांगलीकर | ८ जानेवारी

हे माहीतच नव्हतं राव. डोकंच सुन्न झालं. डिसेंबरात जेवणात अळ्या निघाल्या म्हणून फोटो आले होते ते हेच हॉटेल का?

यारातीर | ८ जानेवारी

हो, हेच.

दुसरी_सर्व्हिस | ८ जानेवारी

फोटोंबद्दल मी बचाव करणार नाही. रिझल्ट हातात यायच्या आधीचा कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी, बघू काय म्हणतो ते. पण एक चेक खेळाडू आहे, रेनाता व्होराचोवा, डबल्स खेळते. तिलाही हीच सूट, ती आरामात आत आली, मेलबर्नमध्ये एक स्पर्धा खेळली सुद्धा, आणि जोकोचा गाजावाजा झाल्यावर हिला उचलून त्याच हॉटेलात! मग विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तेव्हा नियम माहीत नव्हता का? ती बिचारी कोर्टबिर्ट न करता निघून गेली. हे बघितल्यावर तरी म्हणा की नियम सगळ्यांना सारखा होता.

खारी_बिस्कीट | ८ जानेवारी

हा मुद्दा मान्य. तिच्यासाठी ढोल वाजवायला कोणी गेलं नाही.

यारातीर | १० जानेवारी

जिंकला! जज अँथनी केली यांनी व्हिसा रद्द करण्याचा निर्णय मोडीत काढला, अर्ध्या तासात सोडा, पासपोर्ट परत द्या, खर्च सरकारने द्यायचा. ऑनलाइन सुनावणी बघायला इतके लोक घुसले की लिंक सारखी बंद पडत होती. आत्ता रात्री कॉलिन्स स्ट्रीटवर एका गाडीभोवती गर्दी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारलाय.

कलम_बहाद्दर | १० जानेवारी

जिंकला म्हणजे काय जिंकला ते नीट बघा. सूट योग्य होती की नाही यावर निर्णय झालेला नाही. बॉर्डर फोर्सने त्याला सांगितलं होतं की साडेआठपर्यंत वेळ आहे, तोवर वकिलांशी, आयोजकांशी बोल आणि उत्तर दे. तो म्हणाला सकाळ होऊ दे, आत्ता कोणी फोन उचलणार नाही. यांनी सहा वाजल्यानंतर परत मागे लागून उत्तर घेतलं आणि ७:४२ ला व्हिसा रद्द करून मोकळे झाले. हे अवाजवी होतं हे खुद्द सरकारी वकिलांनीच कोर्टात कबूल केलं. या माणसाने आणखी काय करायला हवं होतं असं जज विचारत होते ते कागदपत्रांबाबत.

आणि सरकारने लगेच सांगितलंय की इमिग्रेशन मंत्र्यांकडे स्वतःचा वेगळा अधिकार आहे. तो वापरला तर खेळ नव्याने सुरू. तेव्हा पेढे जरा थांबून वाटा.

चिमटा | १० जानेवारी

म्हणजे ४८ मिनिटांच्या घाईने सरकार हरलं. आपल्याकडे साहेब साडेआठ सांगतात आणि साडेअकराला येतात, कोणतीही केस हरणार नाही.

खारी_बिस्कीट | १२ जानेवारी

इन्स्टावर आला कबुलीनामा. १७ ला रिझल्ट आला तो मुलांच्या कार्यक्रमानंतर, म्हणतोय. पण १८ ला फ्रेंच पेपरला मुलाखत दिली ती पॉझिटिव्ह आहे हे माहीत असताना, पत्रकाराला नाही म्हणवलं नाही म्हणून! आणि प्रवासाच्या फॉर्मवर "गेल्या चौदा दिवसांत कुठे प्रवास केला का" यावर "नाही", प्रत्यक्षात सर्बियातून स्पेनला जाऊन आलेला. म्हणे एजंटने चुकून टिक केलं.

दुसरी_सर्व्हिस, आता काय?

दुसरी_सर्व्हिस | १२ जानेवारी

मुलाखत वाईट झाली. चुकीचंच. फॉर्म एजंटच भरतात, हे खेळाडू स्वतः बसून रकाने भरत नाहीत.

लोकलवाली | १२ जानेवारी

माझ्या भाच्याचा स्टुडंट व्हिसाचा फॉर्म आम्ही घरातल्या चौघांनी मिळून तीनदा वाचला होता. दोन वर्षं सीमा बंद म्हणून घरी बसून रात्रीचे लेक्चर केले पोराने, डिसेंबरात एकदाचा गेला. त्याच्या फॉर्मवर असं काही निघालं असतं तर "एजंटने केलं" ऐकून घेतलं असतं का कोणी?

गंगापूर_रोड | १३ जानेवारी

इतके दिवस नुसता वाचत होतो. दुसरी_सर्व्हिस म्हणाले पाहुण्याला बोलावून अपमान, तर इथे घरच्यांना काय वागवलं ते आठवा. मे २०२१, आपल्याकडे दुसरी लाट, स्मशानात जागा नाही, आणि ऑस्ट्रेलियाने भारतातून स्वतःच्याच नागरिकांना परत यायला बंदी घातली. आलात तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६ हजार डॉलरच्या वर दंड. नऊ हजारांच्या आसपास लोक अडकले होते. आयपीएलची कॉमेंट्री करायला आलेला मायकेल स्लेटर मालदीवमधून पंतप्रधानांच्या नावाने शिव्या घालत होता. माझी बहीण तिकडची नागरिक, आईच्या आजारपणासाठी नाशकात आलेली, नवरा आणि धाकटी मुलगी सिडनीत, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलगी विचारायची उद्या येतेस का. तेव्हा तिकडच्या बहुतेक जनतेला ती बंदी पटली होती बरं का. म्हणून मला जोकोविचबद्दल दया येत नाही आणि सरकारच्या "नियम म्हणजे नियम" वर विश्वासही बसत नाही.

सांगलीकर | १३ जानेवारी

+१. यावर काही लिहिण्यासारखं ठेवलं नाहीत.

यारातीर | १४ जानेवारी

संध्याकाळी सहाच्या सुमारास, शुक्रवार बघून, मंत्री अ‍ॅलेक्स हॉक यांनी परत रद्द केला. ड्रॉ निघून गेलाय, सोमवारी पहिली मॅच केसमानोविचशी.

चिमटा | १४ जानेवारी

शुक्रवारी संध्याकाळी नोटीस! आपल्या पालिकेचा अतिक्रमण विभाग तिकडे ट्रेनिंग देऊन आला वाटतं.

लसमुक्त | १४ जानेवारी

जागे व्हा लोकहो!!! एक माणूस उभा राहिला सगळ्या जगासमोर!! त्याचे वडील बरोबर म्हणाले तो आजचा स्पार्टाकस आहे. फार्मा कंपन्यांचे गुलाम झालात तुम्ही, इथली डॉक्टरीण पण त्यातलीच

गोळी_औषध | १४ जानेवारी

हो, कंपनीचा चेक यायचाच आहे. आला की धाग्यावर सगळ्यांना मिसळ.

व्यवस्थापक | १४ जानेवारी

वैयक्तिक शेरेबाजी असलेले पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. आज संक्रांत आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला, नाहीतर धागा कुलूपबंद होईल.

कलम_बहाद्दर | १५ जानेवारी

मंत्र्यांची कारणं वाचली आणि मी दोन दिवस ज्या बाजूला होतो तिथून थोडा सरकलो. मंत्री म्हणत नाहीत की त्याने खोटं लिहिलं म्हणून रद्द. म्हणत नाहीत की त्याच्यापासून कोणाला कोविड होईल, उलट तो धोका नगण्य आहे असं धरून चालतात. सूट मिळण्याजोगं वैद्यकीय कारण होतं हेही वादापुरतं मान्य करतात. मग कारण काय? तर तो इथे राहिला तर लसविरोधी भावनेला बळ मिळेल, लोक बूस्टर घ्यायला कुचराई करतील, रस्त्यावर गडबड होईल. पुरावा म्हणून २०२० चं ते वाक्य.

त्याच्या वकिलांचा प्रतिवाद मला भारी वाटला: मंत्र्यांनी राहिला तर काय होईल याचा विचार केला, पण हाकलला तर लसविरोधक किती चेकाळतील याचा केलाच नाही.

लोकलवाली | १५ जानेवारी

कारण कुठलंही लिहा हो, माणूस बाहेर गेला ना, बास. इतका कीस कशाला पाडायचा.

खारी_बिस्कीट | १५ जानेवारी

रच्याकने, कोहलीने टेस्टची कॅप्टन्सी सोडली!!! हे खरंय का?

सांगलीकर | १५ जानेवारी

खरंय. वेगळा धागा काढलाय, तिकडे या. इथे हायजॅक नको.

यारातीर | १६ जानेवारी

संपलं. फेडरल कोर्टाच्या तीन जजांनी, मुख्य न्यायाधीश ऑलसॉपसकट, एकमताने त्याचा अर्ज फेटाळला. रात्रीच्या विमानाने दुबईला निघाला पण. टाइमटेबल आधीच लागलेलं असल्याने त्याच्या जागी लकी लूझर, म्हणजे पात्रता फेरीत हरलेला खेळाडू आत येतो, इटलीचा साल्वातोरे कारुसो. दोन दिवस आधी निकाल लागला असता तर मानांकित खेळाडू रुबलेव्ह ड्रॉमधल्या त्याच्या खणात सरकला असता.

कोर्टाने सुरुवातीलाच सांगितलं की मंत्र्यांचा निर्णय शहाणपणाचा आहे का हे आम्ही बघत नाही, कायद्यात बसतो का एवढंच बघतो. आणि तो बसतो, कारण कायदाच तसा लिहिलाय, सार्वजनिक हिताचं आहे असं मंत्र्यांना वाटलं की पुरे.

@लोकलवाली, कीस पाडतोय कारण हेच कलम माझ्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्या कोणालाही लागू आहे. मला तो जायला हवाच होता. फॉर्मवर खोटी टिक आहे, पॉझिटिव्ह असताना मुलाखत दिली, सरळ ते लिहा आणि काढा, मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण लोक तुझ्याकडे बघून काय विचार करतील म्हणून तुला काढतो, हे कारण उद्या मोर्चात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला लावलं तर? त्याच्याकडे नामांकित बॅरिस्टर नाही आणि त्याची सुनावणी रविवारी तातडीने लागत नाही. पार्क हॉटेलमधल्यांची नऊ वर्षांत लागली नाही.

दुसरी_सर्व्हिस | १६ जानेवारी

पहिल्यांदाच धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. आज वाईट वाटतंय, दहावं टायटल होतं हातात. आणि नदालने नियम सगळ्यांना महिनोन्‌महिने माहीत होते वगैरे सुनावलं, किर्गिओस मात्र, ज्याचं जोकोशी कधी पटलं नाही, तो त्याच्या बाजूने बोलला हे लक्षात ठेवीन.

लोकलवाली | १६ जानेवारी

@यारातीर तुमचा मुद्दा कळला, भावना पोहोचल्या. पण मी तरी आज रडणार नाही. त्या बसने येणाऱ्या मुलीला मी निकाल व्हॉट्सअ‍ॅप केला, तिने फक्त अंगठा पाठवला.

गंगापूर_रोड | १६ जानेवारी

तीन वर्षं परत व्हिसा नाही म्हणतात ते खरं का?

कलम_बहाद्दर | १६ जानेवारी

व्हिसा रद्द झाला की तीन वर्षांची बंदी आपोआप लागते, पण सबळ कारण दाखवलं तर सरकार ती उठवू शकतं. निवडणूक होऊ द्या, मंत्री बदलू द्या. माझी पैज आहे, पुढच्या जानेवारीत हा मेलबर्नच्या रॉड लेव्हर कोर्टवर खेळताना दिसेल.

चिमटा | १६ जानेवारी

पैज लागली. पुणेरी मिसळ, एक्स्ट्रा पाव.

दुसरी_सर्व्हिस | १७ जानेवारी

केसमानोविचने कारुसोला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवला. कलम_बहाद्दर, तुमच्या पैजेत माझाही एक पाव धरा.